लुपेच्या अंगणातली चटई

"लाफा, गाडी थांबव," मागच्या बाकावरून तालिता म्हातारी म्हणाली.

"आजी, बोट सुटेल. जे काय असेल ते धक्क्यावर गेल्यावर कर."

"मेल्या, तुझं तोंड शिवायला पाहिजे कुणीतरी. आधी डावीकडे बघ."

डावीकडे बघितलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. नुकतं फटफटत होतं. लुपेच्या घरासमोर, अंगणात पसरलेल्या पांढऱ्या खड्यांवर, एक माणूस चटईखाली बसला होता. मांडी घातलेली, मान खाली, आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चटई. बसमधली बडबड बंद पडली. माझ्या बसमध्ये पहाटे टारोच्या कंदांची पोती, कोंबड्या आणि बायका असं सगळं एकदम कलकलत असतं. त्या दिवशी फक्त कोंबड्या बोलत होत्या.

आमच्या सामोआत चटई डोक्यावर घेऊन कुणाच्या दारात बसणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचं माणूस माझ्या हातून गेलं. आता मला मारा, नाहीतर चटई उचला. घरच्यांनी चटई उचलली की विषय मिटला. मग कुणी त्यावर ब्रसुद्धा काढायचा नाही. पण हे काही एकट्यानं करायचं काम नाही. अख्खं घराणं येतं, पुढे घराण्याचा मुखिया बसतो, आणि डोक्यावर असते ती घराण्याची चटई, रेशमासारखी मऊ, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपलेली. इथे माणूस एकटा, आणि चटई झोपायची, कडा उसवलेली.

"कोण रे तो?" म्हातारीनं विचारलं.

चटईखालून पाय दिसत होते. उजव्या पायाला करंगळी नव्हती. ती बोटीच्या पंख्यानं नेली होती, आणि नेली तेव्हा मी शेजारी बसून हसत होतो. म्हणजे हा फिलेमोनी.

"मला काय माहीत," मी म्हणालो आणि गाडी पुढे काढली.

फिलेमोनीला सगळे मोनी म्हणायचे. होड्यांच्या मागे लावतात ती इंजिनं दुरुस्त करायचा. किनाऱ्यावर पत्र्याची शेड, तेलानं काळी झालेली लाकडी घोडी, आणि हातात पाना नसेल तेव्हा बाटली. बाटली जास्त वेळ असायची. बायको पहिल्याच वर्षी माहेरी, उपोलू बेटावर पळाली, ती आलीच नाही. मोनी पिऊन आईवर ओरडायचा, थोरल्या भावावर कोयता घेऊन धावायचा. गावानं त्याला दोनदा दंड म्हणून डुकरं द्यायला लावली. मी त्याचा दोस्त. म्हणजे तो तमाशा करायचा आणि मी टाळ्या वाजवायचो.

मी गावचा वात्रट. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकतात ना, त्याच्या तोंडाला मी एकदा मिरची चोळून ठेवली होती. त्या दिवशी अख्ख्या गावाची प्रार्थना उशिरा झाली, आणि शंख फुंकणारा अजूनही फुंकायच्या आधी माझ्याकडे बघतो. असले उद्योग. पन्नाशी आली तरी खोड जात नाही.

अकरा वर्षांपूर्वी लुपेचा नवरा सावेलिओ मासेमारीला गेला आणि आला नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बेटाच्या लोकांना त्याची होडी सापडली. रिकामी. ती ओढून आणली, आणि इंजिन बघायला अर्थातच मोनीकडे दिलं. मोनीनं ते उघडलं आणि कुणाला काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो दुप्पट प्यायला लागला.

का, ते मला त्या चटईच्या पहाटेच्या दोन दिवस आधी कळलं.

मी बस धुवून त्याच्या शेडमध्ये गेलो होतो. वर्षभर त्यानं दारू सोडलेली. गाव म्हणायचं, आई मेली म्हणून. मी म्हणायचो, दुकानदारानं उधार बंद केलं म्हणून. तो एक पिस्टन पुसत बसला होता.

"लाफ्या, सावेलिओच्या इंजिनाला मी मारलं."

"इंजिनाला कोण मारतं?"

"ऐक ना. आदल्या दिवशी त्यानं ते माझ्याकडे आणलं होतं. मी टाईट होतो. पेट्रोलच्या नळीचा क्लिप आवळायचा राहिला. होडी परत आली तेव्हा मी बघितलं, क्लिप तस्साच सैल. सगळं पेट्रोल गळून गेलं असणार. आणि तो प्रवाळाच्या बांधाबाहेर, उघड्या समुद्रात."

मी घोडीवरचा पाना उचलून पुसायला लागलो. विनोदाशिवाय मी असा क्वचित बसतो, म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला.

आता हे तुम्हाला सांगून टाकतो, कारण तुम्ही लुपे नाही. सावेलिओच्या होडीत जादा पेट्रोलचा एक कॅन असायचा, लाल रंगाचा. सहा-सहा महिने त्याला हात लागायचा नाही. तो गेला त्या दिवशी पहाटे मी त्यातलं पेट्रोल माझ्या बसमध्ये ओतलं आणि कॅन समुद्राच्या पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून ठेवला. मला वाटलं, कधीतरी बांधाच्या आत, गावासमोर, याचं पेट्रोल संपेल, हा ऐटीत कॅन ओतेल, आणि मग वल्ही मारत येईल, आणि आम्ही सगळे किनाऱ्यावर हसत बसू. कधीतरी. त्याच दिवशी पेट्रोल गळेल, आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या मागे टुना बघून तो बांधाबाहेर जाईल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

"झालं गेलं," मी मोनीला म्हणालो. "अकरा वर्षं झाली. कुणाला माहीत नाही. तू कशाला उकरतोस?"

"आई आंधळी झाली होती शेवटी. मला वाचून दाखवायला लावायची. रोज एकच पान. येशू मेल्यावर परत येतो ते."

"ते आपण लहानपणापासून ऐकतोय की. दर ईस्टरला."

"ऐकतो रे, पण ऐकत नाही. त्याच्याच शिष्यानं, पेत्रानं, तीनदा सांगितलेलं असतं, मी याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो. मग तो रडतो. एवढं आपल्याला माहीत असतं. पण पुढे काय होतं? पेत्र परत होडी घेऊन मासे धरायला जातो. सकाळी किनाऱ्यावर कोण बसलंय? येशू. तोच. विस्तव पेटवलाय, मासे भाजतोय. आणि म्हणतो काय, तर या, न्याहारी करा." मोनीनं पिस्टन खाली ठेवला. "लाफ्या, तो कोंबड्याचा विषयच काढत नाही. एक शब्द नाही. आधी खा म्हणतो. मी आईला वाचून दाखवत होतो आणि मला पुढचं वाचताच येईना. मला वाटलं, मी तिथे असतो तर मलाही खायला दिलं असतं त्यानं. माझे हे असले हात बघूनसुद्धा."

मी म्हणालो, "मीठ कमी असणार. शिष्यांनी बोंब मारली असेल."

तो हसला. पूर्वी असा हसायचा नाही. पूर्वी त्याच्या हसण्याला दात असायचे.

"मग खाल्लंस ना? झालं तर. आता गप बस."

"खाल्ल्यावर गप नाही बसता येत, तीच तर भानगड आहे. मी लुपेच्या दारात बसणार."

थोरल्या भावानं, म्हणजे घराण्याच्या मुखियानं, घराण्याची चटई दिली नाही. "तुझ्या पापात अख्ख्या घराण्याला बसवू? अकरा वर्षं कुणी विचारलं नाही, आता तुला येशूचा पुळका आलाय," असं म्हणाला. हा भाऊ देवळात पहिल्या रांगेत बसतो, आणि सगळ्यांत मोठ्यांदा गातो. मोनी निघाला आईच्या अंथरुणाची चटई घेऊन.

तर त्या दिवशी मी धक्क्यावर माणसं उतरवली आणि रिकामी बस घेऊन परत आलो. दहा वाजले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. मोनी तिथेच. रस्त्यावर पाच-पन्नास माणसं जमलेली, पण अंगणात कुणी पाय ठेवत नव्हतं. आमची घरं म्हणजे नुसते खांब आणि छप्पर. भिंती नाहीत, लपायची सोय नाही. लुपे मध्यभागी बसून कोको ढवळत होती, जणू दारात कुणी नाहीच.

मला बघून म्हणाली, "लाफा भावजी, या. तुमचा दोस्त बसलाय. त्याला सांगा उठायला. ऊन लागेल."

"वहिनी, उठवायचं काम तुमचं आहे. चटई उचला, उठेल तो."

"कशाबद्दल उचलू?"

मोनी चटईखालून बोलला. आवाज स्पष्ट होता. क्लिपचं सांगितलं, दारूचं सांगितलं, अकरा वर्षांचं सांगितलं. रस्त्यावरची माणसं कान देऊन ऐकत होती. माझं लक्ष त्या कोकोच्या चमच्याकडे होतं. तो फिरायचा थांबला नाही.

मोनीचं बोलून झाल्यावर लुपे म्हणाली, "होडी रिकामी मिळाली. माणूस मिळाला नाही. ती मोठी परदेशी जहाजं जातात ना पलीकडून, त्यांनी उचलला असणार त्याला. भाषा येत नसेल त्याला तिथली. पत्ता सांगता येत नसेल. माझ्या मामांचा एक मेहुणा नऊ वर्षांनी आला होता."

"वहिनी," मी म्हणालो.

"नाही भावजी, तुम्हीच सांगा. ही चटई मेलेल्या माणसासाठी असते. मी ती उचलली तर माझा नवरा कुठे गेला? आज संध्याकाळी मी कुणासाठी ताट झाकून ठेवू?" मग ती पहिल्यांदा मोनीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यापेक्षा रागच बरा. "मोनी, तुला हलकं व्हायचं असेल तर समुद्रात जा आणि सांग. मला कशाला आणून दिलंस हे?"

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मला ते कळत होतं, अगदी जिभेवर होतं. लाल कॅन. दोन शब्द. पण ते बोललो असतो तर तिच्या नवऱ्याला मीच परत एकदा बुडवला असता. असं मी स्वतःला सांगितलं. खरं काय, तर रस्त्यावर पन्नास माणसं होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, कुणी माझ्यावर हसणार नाही.

पाद्रीबाबा आले. त्यांनी लुपेला क्षमेवर चार वचनं ऐकवली. तिनं त्यांना कोको दिला. ते पिऊन गेले.

सूर्य मावळताना प्रार्थनेचा शंख वाजला, तेव्हा मोनी उठला. पाय आखडले होते, दोनदा पडला. चटई नीट गुंडाळली, लुपेच्या घराकडे बघून मान झुकवली आणि गेला. मला वाटलं, झालं, आता रात्री बाटली उघडणार. मी स्वतः एक विकत घेऊन गेलो. वाईट माणूस आहे मी, पण दोस्त आहे.

त्यानं बाटली घेतली, वास घेतला, आणि त्यातल्या दारूनं कार्ब्युरेटरचे भाग धुतले. "चांगली आहे," म्हणाला. "गंज निघतो."

पुढच्या शनिवारी तो परत बसला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आज आठ महिने झाले. माणसं बघायची थांबली. पोरं त्याच्या बाजूनं चेंडू खेळतात. थोरल्या भावानं बोलणं टाकलं. गावातली इंजिनं आता शेजारच्या गावात जातात. क्लिप विसरणाऱ्याकडे कोण देणार? लुपे दर शनिवारी त्याच्यासमोर अंगण झाडते, त्याच्याभोवतीनं, जसं आपण झाडाभोवती झाडतो. केसांत फूल माळते. ताट झाकून ठेवते. ती खंगत चाललीय. पूर्वी तिला आशा होती. आता तिला ती राखत बसावं लागतं.

मी जाता-येता गाडी थांबवतो. त्याला पाणी देतो, चटईखालून खायला सरकवतो, एखादा विनोद सांगतो. कधी कधी चटई हसण्यानं हलते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, रडतोय.

गेल्या शनिवारी केळीच्या पानात भाजलेला मासा नेला.

"मीठ कमी आहे," चटई म्हणाली.

"शिष्यांना चाललं असतं."

तो खात होता. मी उकिडवा बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "लेका, तुझ्या शेडचा पत्रा उडालाय. आत पावसाचं पाणी जाईल. सामान हलवू का कुठे?"

"हलव. त्या कोपऱ्यातला लाल कॅन तेवढा राहू दे."

माझ्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"कुठला कॅन?"

"होडीत होता तो. तेव्हापासून ठेवलाय." तो काटे काढत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. "आत समुद्राचं पाणी होतं, आणि झाकण घट्ट. घट्ट झाकणातून समुद्र आत जात नाही."

मग तो परत मासा खायला लागला. मी वाट बघत होतो. शिवी देईल, नाव घेईल, ओरडेल. जुना मोनी असता तर कोयता आला असता, आणि मला केवढं बरं वाटलं असतं. अकरा वर्षं त्याला माहीत होतं. गावात असला उद्योग करणारा एकच माणूस आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि आठ महिने तो इथे बसून फक्त क्लिपचं सांगत होता.

त्यानं पान घडी करून बाहेर सरकवलं. मग चटईची उजवी कडा थोडी वर उचलली. खाली पांढरे खडे दिसत होते. एका माणसाची जागा होती.

"चटई मोठी आहे, लाफ्या," तो म्हणाला. "आईची होती."

लुपे झाडू घेऊन खांबाशी उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

बसमधून तालिता म्हातारीनं हाक मारली, "चल रे, बोट सुटेल."

मी ते केळीचं पान उचललं. गाडीत बसलो. आरशात बघितलं तेव्हा मोनीनं कडा अजून तशीच धरून ठेवली होती. वळणापर्यंत दिसत होती.