धाकटीचा परवाना

ताईला तीन वर्षांची शिक्षा झाली ती सात झाडांपायी. न्हाणीघराच्या भिंतीआड तिने ती भांगेची झाडं वाढवली होती. आईच्या गुडघ्यांना चोळायला ती त्या पानांचं तेल करायची. त्या तेलाने आईला झोप लागायची, आणि आईला झोप लागली की सगळ्या घराला. पुढे कोणी तरी चहाडी केली. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटून नेली. ताई तुरुंगात असतानाच आई गेली.

शिक्षा भोगून ताई परत आली आणि घराच्या मागच्या खोलीत राहू लागली. घर आणि त्याला लागून असलेली पाच एकर जमीन दोघी बहिणींच्या नावावर होती. ताईचं लग्न राहूनच गेलं होतं. धाकटी शाळेच्या कचेरीत कारकून, आणि तिचा नवरा कायम फिरतीवर. धाकटी कधी टाकून बोलली नाही. पण पाहुणे आले की ताईच्या खोलीचं दार ओढून घ्यायची, आणि ताई समजून आतून कडी लावायची. असं तीन वर्षं चाललं.

मग कायदा बदलला. नशा न येणारी, नुसती धाग्यासाठीची भांग लावायला परवानगी मिळाली. सरकारी कागदावर तिचं नाव औद्योगिक हेम्प. बी सरकारने ठरवून दिलेलं, परवाना काढायचा, आणि कापणीआधी तपासनीस येऊन शेंडे घेऊन जाणार. नशेचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर उभं पीक जाळायचं. गावाबाहेर सुताची नवी गिरणी उभी राहात होती आणि तिची माणसं दारोदार फिरत होती. धाकटीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी ताईच्या खोलीत येऊन खाटेवर बसली.

"ताई, तुला हे झाड माहीत आहे," ती म्हणाली. "मला काही म्हणजे काही कळत नाही."

ताईचा जीव सुपाएवढा झाला. तिने पहाटेपर्यंत सांगितलं. तेलासाठी झाड मोकळं वाढवायचं, पण धाग्यासाठी बी दाट पेरायचं, म्हणजे फांद्या न फुटता कांडं सरळ वर जातात. फुलोरा धरला की कापायचं. कापलेली कांडं शेतातच दवात पसरायची, उलटीपालटी करत राहायची, म्हणजे साल आतल्या काडीपासून सुटते. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. लवकर उचललं तर साल निघत नाही, उशीर झाला तर धागाच कुजतो. धाकटीने सगळं वहीत टिपून घेतलं. अक्षर तिचं फार सुरेख.

अर्जाचा कागद आला तेव्हा चौदाव्या रकान्यात अडलं. गेल्या दहा वर्षांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती त्या जमिनीची मालक नसावी, त्या जागेत राहात नसावी आणि पिकात पाऊल ठेवत नसावी. ताईला शिक्षा होऊन सहा वर्षं झाली होती.

"फक्त कागदावर गं," धाकटी म्हणाली.

ताईसाठी शहरात लाँड्रीच्या वर एक खोली पाहिली. भिंतीतून दिवसभर वाफेचा वास यायचा. ताईने आपली ट्रंक तिकडे हलवली. पंधरा दिवसांनी धाकटी हक्कसोडपत्र घेऊन आली. घर आणि जमीन, दोन्हीतला आपला हिस्सा ताई बहिणीच्या नावे राजीखुशीने सोडते आहे, असा मजकूर. चार वर्षांनी दहा पुरी झाली की पुन्हा नाव लावू, असं धाकटीने सांगितलं. ताईने सही केली. खाली आणखी एक कागद होता, शिक्षेच्या दिवसापासून आपला त्या घराशी कसलाही संबंध उरलेला नाही, असा. ताई त्यावर जरा थबकली.

"हे तर खोटं आहे."

"मग परवाना नाही मिळायचा," धाकटी शांतपणे म्हणाली. "तू सांग, फाडून टाकू?"

ताईने त्यावरही सही केली. तिला शेत बघायचं होतं. खरं कारण तेवढंच होतं, आणि ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

परवाना आला. पेरणी झाली. नियम काहीही म्हणो, ताई आठवड्यातून दोनदा पहिल्या बसने यायची, मागच्या बांधावरून पिकात शिरायची आणि शेजारपाजार जागा व्हायच्या आत परतायची. पीक बघता बघता डोक्याच्या वर गेलं. सकाळच्या वाऱ्यात सगळं शेत एका बाजूला कलायचं आणि ताई मध्ये उभी राहून पानं बोटांनी चाचपायची. कुठे पाणी कमी पडतंय, कुठे कीड लागतेय, ते ती चिठ्ठीवर लिहून पंपाच्या खोलीत ठेवायची. धाकटी त्याप्रमाणे सगळं करायची आणि चिठ्ठ्या जाळून टाकायची.

मग पावसाने ओढ दिली. पिकाने फुलोरा लवकर धरला. तहानलेलं झाड तेज होतं, त्यातली नशा वाढते, हे ताईला माहीत होतं. आणखी दोन आठवडे गेले तर तपासणीत मर्यादा ओलांडणार. तिने लिहून ठेवलं, तपासनिसाला आठ दिवस आधी बोलाव, काहीही करून. धाकटीने परवान्याच्या कचेरीत खेपा घालून तारीख अलीकडे ओढली. ती तारीख मात्र तिने ताईला कळवली नाही. विसरली म्हणावं, तर शाळेत वीस वर्षं ती तारखाच लिहीत होती.

ताई नेहमीसारखी मंगळवारी आली. फुलोरा उजेडात नीट बघावा म्हणून तिने चार शेंडे खुडून पिशवीत टाकले आणि ती बांधावर चढली. समोर तपासनीस उभा होता, ऊन चढायच्या आत शेंडे न्यायला आलेला, हातात कागदी पाकिटं. त्याच्या मागे त्याचा मदतनीस, आणि त्याच्याही मागे धाकटी.

"या कोण?" तपासनिसाने विचारलं.

ताईने धाकटीकडे पाहिलं. मजूर आहे म्हण, वाट चुकलेली बाई म्हण, काहीही म्हण. धाकटीने क्षणभरही वेळ घेतला नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "हे लोक गांजा समजून पानं चोरायला येतात. पिशवी बघा तिची."

पिशवी उघडली. मग धाकटीनेच पोलिसांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत तपासनिसासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवली. ताई बांधावर बसून होती. हाक मारायची तर नावाने मारायची की बहीण म्हणून, हेच तिला ठरवता येईना.

पीक मर्यादेच्या आत निघालं, थोडक्यात निघालं. ताई कोठडीत गेली. तिच्यासाठी जामीन राहायला कोणी आलं नाही.

तीन आठवड्यांनी भेटीला माणूस आलंय म्हणून तिला बाहेर काढलं. जाळीपलीकडे धाकटी बसली होती. नोंदवहीत नात्याच्या रकान्यात तिने 'परिचित' लिहिलं होतं. पहारेकरणीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा ताईला कळलं.

धाकटी बराच वेळ आपली बाजू सांगत राहिली. माझा नाइलाज होता, परवाना गेला असता तर सगळंच गेलं असतं, तूच मला नंतर शिव्या दिल्या असत्यास. पीक गिरणीत पोचलं की चांगला वकील बघते, आईशप्पथ बघते. मग तिने पर्समधून, कापून शेतात पसरलेल्या कांड्याचा वीतभर तुकडा काढला आणि जाळीला लावून धरला.

"असं झालंय बघ. उचलायचं का आता?"

ताईने जाळीजवळ डोळा नेला. साल करडी झाली होती, त्यावर बारीक काळे ठिपके आले होते, आणि टोकाला धागा आपोआप सुटून आला होता. कांडं आजच उचलायला हवी होती. फार तर उद्या.

"वाकवून दाखव," ती म्हणाली.

धाकटीने वाकवलं. आतली काडी कट्कन मोडली आणि साल अखंड राहिली. याहून चांगलं झालेलं कांडं ताईने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"अजून कच्चं आहे," ती म्हणाली, पहिल्या रात्री खाटेवर शिकवलं होतं त्याच सावकाश आवाजात. "दहा दिवस राहू दे. वर थोडं पाणी मार. घाई केलीस तर गिरणीवाले परत पाठवतील."

धाकटीने वही काढून ते सुरेख अक्षरात लिहून घेतलं. जाताना तिने जाळीतून बोट घालून ताईच्या बोटाला लावलं. ताईने बोट मागे घेतलं नाही. धाकटीचं बोट गरम होतं, ताईला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळसही आली.

पाचही एकरांतला धागा चिखलासारखा कुजला. गिरणीने गाडी फाटकातूनच परत पाठवली.

खटला उभा राहिला तेव्हा ताईच्या बाजूला सरकारने दिलेला वकील होता. दिवसभरात सहा खटले हातावेगळे करणारा. प्रयोगशाळेचा अहवाल वाचला गेला. पिशवीतल्या पानांत नशा नव्हतीच. पण परवान्याशिवाय ती जवळ बाळगणं हाच गुन्हा होता, आणि परवान्यावर नाव धाकटीचं. ताईने शेवटी सगळं सांगितलं. सख्खी बहीण आहे, पीक मीच वाढवलं, खोली तिनेच पाहून दिली. मग समोरच्या वकिलाने दोन कागद पुढे केले.

"या सह्या तुमच्या?"

"माझ्या."

"यात तुम्ही लिहून दिलंय, या घराशी तुमचा काहीही संबंध उरलेला नाही. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात धाकटी आली. बहीण होती, पण तिने शिक्षेनंतर घर सोडलं, असं तिने सांगितलं. बांधावरची बाई तीच असेल हे दुरून ओळखू आलं नाही. बोलताना तिचा आवाज एकदाही हलला नाही, आणि ताईकडे तिने शेवटी एकदाच पाहिलं, कांडं वाकवून दाखवताना पाहिलं होतं तसं, जवळून आणि निरखून.

दुसरा गुन्हा म्हणून ताईला पाच वर्षं झाली. तिची दहा वर्षं आता नव्याने मोजायची होती.

धाकटीचा परवाना कायम राहिला, कारण धागा कुजवणं हा कायद्याने गुन्हा नाही. पुढच्या हंगामात तिने गिरणीचा एक शिकलेला माणूस पगारावर ठेवला. ताईच्या बराकीत त्याच गावची एक बाई आली होती, नवऱ्याला विळा मारून. तिने सांगितलं की पीक झकास आलंय, आणि घराची मागची खोली त्या माणसाला राहायला दिलीय.