फुलेवाडी नाक्यापर्यंत

अंजनानं वाकून वर्धमानांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि जीपच्या पायरीवर ठेवला. पाय राहिला, पण त्यावर भार टाकायची वेळ आली तेव्हा गुडघा आपोआप दुमडला. पिराजीनं पुढं होऊन काखेत हात घातला नसता, तर उद्यमनगरातल्या त्या तेलकट फरशीवर दोघंही बसली असती.

"सावकाश आण्णा! जीप कुठं पळून चालली न्हाय," पिराजी म्हणाला. त्याचं हळू बोलणंही रस्त्यापर्यंत ऐकू जाई. "माझ्या बापाच्या वयाची हाय ती."

वर्धमान हसले. हल्ली हसू त्यांच्या डोळ्यांतच यायचं, ओठांना ते जमत नसे.

पिराजी जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकायचा. चारी चाकांना जोर लागणाऱ्या दोनच गाड्या आज त्याच्या शेडमध्ये होत्या, आणि औषधपाण्याचं बाजूला ठेवून दोन्हींपैकी कुठलीही एक झेपली असती. एक ही जीप, ताडपत्रीच्या छताची, हिरवा रंग नव्यानं मारलेली. दुसरी चार-पाच वर्षं वापरलेली, पांढरी, पत्र्याच्या टपाची.

"वैनी, सरळ सांगतो. चालवणार तुमी, म्हणून तुमास्नी सांगतो. जुनीचं कसं हाय, पाना आन हातोडी असली की भर डोंगरात दुरुस्त. पर स्टेअरिंग वढून खांदं निखळतील. नवी लोण्यागत वळतीया, पर तिच्यात सतरा सेन्सर. एक रुसला की आणा टोचन लावून."

"रुसण्याचं आमच्यात नाही," वर्धमान सीटवर सावरत म्हणाले. शब्द आता एकेक करून यायचे. "आमच्यात उपास धरतात."

पिराजी खदखदून हसला. चहा आला. अंजनानं एक कप फुंकून गार केला, वर्धमानांच्या ओठांना लावला, हनुवटी पदरानं टिपली. स्वतः पिशवीतल्या गाळलेल्या पाण्याचा घोट घेतला.

"राग मानू नका हं. माझं बाहेरचं चालत नाही."

"ठाव हाय की वैनी. आमच्या शेजारी तुमचीच जैन मंडळी ऱ्हात्यात."

पंपांचं दुकान भरात होतं तेव्हा वर्धमानांनी गगनबावड्याच्या पुढं, डोंगराच्या कडेवर, जमिनीचा एक तुकडा घेतला होता. वरपर्यंतची वाट दगडांची आणि लाल चिखलाची. घरची छोटी गाडी तिथं पोटावर घसरायची. ते मित्रांबरोबर जात. येताना हिरड्याच्या झाडांचं, खालून वर येणाऱ्या धुक्याचं सांगत बसत. अंजनाचं जाणं मात्र दर वेळी राहून जाई. कधी पर्व, कधी मुलाची, अभिनंदनची परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. आता हातापायांतली ताकद चालली, तशी वर्धमानांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती: तिला तो तुकडा दाखवायचा. त्यांचा भाऊ म्हणाला होता, मी नेतो की तुला. त्यावर ते म्हणाले होते, "मी पाहिलाय की तो."

"एक चक्कर मारून या," पिराजीनं पांढरीची चावी पुढं केली. "बालिंग्याच्या पुलापतोर जावा. चढाला कशी वढती बघा."

दोघांनी मिळून वर्धमानांना शेजारच्या सीटवर बसवलं. अंजनानं मनात णमोकार म्हटला आणि गाडी काढली. गाडी खरंच हलकी होती. रंकाळ्याच्या कडेनं जाताना वर्धमान एकदा म्हणाले, "छान चालवतेस."

फुलेवाडीचा नाका दिसू लागला, तसा तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उतरला. पुढं रस्ता सरळ होता. एक एसटी गगनबावड्याची पाटी लावून त्यांना मागं टाकून गेली. अंजनानं डावीकडे उजवीकडे पाहिलं आणि गाडी वळवून घेतली. वर्धमानांनी मान जितकी फिरली तितकी फिरवून एसटी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

गेल्या चातुर्मासात तिनं महाराजांपुढं दिग्व्रत घेतलं होतं. चारी दिशांना आपल्या जाण्याची हद्द घालून घ्यायची आणि ती ओलांडायची नाही. पश्चिमेला फुलेवाडी नाका. हद्द ऐकून महाराजांनी मान डोलावली होती. "कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं. वर्धमान स्वतःच्या पायांनी बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पायऱ्या चढून देवदर्शन करेपर्यंत, असं ती म्हणाली. महाराजांनी समजावलं होतं, "बाई, व्रताला मुदत घालावी. अट घालू नये." पण ती हात जोडून तशीच बसून राहिली.

तेव्हा वर्धमान काठी घेऊन चालत होते. हिवाळ्यात डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं की हा आजार मागं फिरत नाही. त्यानंतर पुण्याहून फोन करणारा अभिनंदन 'बाबा बरे होतील' म्हणायचा थांबला. दीरही थांबले. घरात आता एकाच ठिकाणी वर्धमान बरे होणार होते, ते म्हणजे तिच्या त्या नियमात.

"अंजना," रंकाळा पुन्हा आला तेव्हा ते म्हणाले. "जुनीच घेऊ."

"तिच्यात तुम्हाला चढता येत नाही."

"दारात उभी करू. दिसायला बरी आहे." त्यांनी श्वास घेतला. "गावातल्या गावात... काय लागतंय."

सिग्नल हिरवा झालेला तिला दिसला नाही. मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

शेडमध्ये पिराजी हात पुसत पुढं आला.

"एवढ्यात आलासा? पुलापतोर गेलाच न्हाईसा जणू! बरं, कुठली बांधायची?"

"जुनी," वर्धमान म्हणाले.

अंजना गाडीतून उतरली होती. बॉनेटचा पत्रा अजून तापलेला होता, तरी तिचा हात त्यावर होता. मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त असतं. महाराज ते देतील आणि ती ते करील.

"पांढरी द्या," ती म्हणाली. "परवापर्यंत तयार करा. गगनबावड्याला जायचंय."

"हे बेस केलंसा वैनी!"

उघड्या दारातून वर्धमानांचा हात बाहेर आला. बोटं तिच्या पदरापर्यंत पोहोचली, पण पकड बसेना. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ऐन गर्दीत तिनं त्यांचं बोट सोडून दिल्यासारखे ते तिच्याकडे पाहत होते.

"नको," ते म्हणाले. "तुझा नियम... राहू दे की. अजून थोडे दिवस."

तिनं तो हात उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. मग पिराजीकडे वळली.

"मागची सीट काढून टाका," ती म्हणाली. "यांना आडवं होता येईल, एवढी जागा पाहिजे."