बाभळीपासून बेचाळीस पावले

मी वही बोलते आहे. दुकानातून आणलेली नव्हे, हाताने शिवलेली. सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत रद्दी ठरलेले पाठकोरे कागद अण्णारावांनी घरी आणले, मधोमध दुमडले, दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवले आणि वरून मांजरपाटाचा तुकडा खळीने चिकटवला. माझ्या एका बाजूला कापडाच्या गठ्ठ्यांचे छापील इंग्रजी रकाने आहेत. दुसरी बाजू माझी. साल एकोणीसशे सव्वीस.

अण्णाराव त्या गिरणीत हजेरी कारकून होते. भोंगा झाल्यावर कोण आत आले, कोण उशिरा आले, कुणाचा खाडा झाला, हे लिहायचे. वय पंचेचाळीस. शिक्षण चार बुके इंग्रजी. बाकीचे स्वतःचे स्वतः.

विणकाम खात्यावरचा साहेब स्कॉटलंडला परत गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातली जुनी मासिके रद्दीत आली. त्यात त्याच्या गावाकडचे एक पातळ मासिक होते. शेवटच्या पानावर गावातल्या लोकांनी त्या महिन्यात पाहिलेली पाखरे छापलेली असत. पाहणारा कुणी टपालवाला, कुणी मास्तर. खाडीच्या काठी, पुलापासून इतक्या अंतरावर, सकाळी आठ वाजता, वारा पूर्वेचा, रानबदके तीन. अण्णाराव शब्दकोश उघडून ते पान दोन महिने वाचत होते.

"तीन बदकं पाहिली म्हणून माणसाचं नाव छापतात," ते बायकोला, दुर्गाबाईंना, म्हणाले.

"छापू देत की," दुर्गाबाई म्हणाल्या. "तिकडं जोंधळ्यावर भोरड्यांचे थवे पडत नसतील, म्हणून कौतुक."

त्यानंतर माझ्यावर पट्टीने रेघा पडल्या. तारीख, वेळ, वारा, पाखरू, संख्या, ठिकाण. ठिकाणाचा रकाना सर्वांत रुंद. साहेबाच्या गावचे लोक ठिकाण नेमके लिहीत, म्हणून अण्णारावही नेमके लिहीत. दर रविवारी ते सायकलवरून बाहेर पडत. हिवाळ्यात एकरुखच्या तलावावर करकोचे, एरवी नान्नजच्या माळावर चंडोल, टिटव्या, ससाणे. दुपारी घरी आले की दुर्गाबाई विचारत, "काय, आज कोण कोण हजर? कुणाचा खाडा?" ते हसत आणि मला पिशवीतून काढून दाखवत. दुर्गाबाईंना वाचता येत नव्हते. तरी त्या रेघांवरून हात फिरवून म्हणत, "अक्षर सरळ आहे."

दोन वर्षांत मला घराबाहेरच्या कुणी हातात घेतले नाही.

माळावर दगडाबाई मेंढरे राखत असे. ती धनगराची. ऑगस्ट अठ्ठावीसच्या बारा तारखेला तिने अण्णारावांची सायकल आडवी पाडून ठेवायला लावली आणि त्यांना वाकून चालायला सांगितले. माळढोकाची मादी होती. हे पाखरू माणसाच्या कमरेइतके उंच असते, पण गवतात बसले की दगड वाटते. ती उठून चालत गेली, आणि उघड्या जमिनीवर एकच अंडे दिसले. घरटे नाही, काडी नाही.

अण्णारावांनी बोट उचलले.

"बोट दावू नगा, अण्णा!" दगडाबाईने त्यांचा हात खाली ओढला. "कवळ्या काकडीला बोट दावलं तर ती सडती. हे तर जितं अंडं हाय. बगायचं तर हनवटीनं बगा."

अण्णारावांनी हात मागे घेतला आणि हनवटी हलवली. मग ते एकट्या बाभळीपाशी गेले आणि तिथून पावले मोजत परत आले.

"आता हे काय?" दगडाबाई म्हणाली. "रान इकत घ्याचंय व्हय?"

"वहीत लिहायचं आहे."

"ल्ह्या की. लिवल्यानं काय हुतंय!"

माझ्या एकतिसाव्या पानावर लिहिले गेले: 'माळढोक, मादी एक, अंडे एक. एकट्या बाभळीपासून दक्षिणेस बेचाळीस पावले, पांढऱ्या दगडाच्या अलीकडे.' खाली त्यांनी मादीची वेळही लिहिली. ऊन चढले की ती उठते, सावल्या लांबल्या की बसते. पुढच्या रविवारी ती होती. तेही लिहिले.

त्या आठवड्यात गिरणीच्या कोठीवरचे रावजी म्हणाले, "अण्णाराव, लोक म्हणतात तुम्ही पाखरांचं पंचांग लिहिता. बघू तरी आम्हाला."

अण्णाराव लाजले. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी रावजींच्या हातात दिले. मलाही बरे वाटले. वहीला वाचणारा लागतो.

रावजींच्या घरी त्यांचे साडू आले होते. साडूंबरोबर दोन पाहुणे होते, शिकारीचा नाद असलेले. सगळ्यांनी मला चांगले वाचले. कुणी पान दुमडले नाही, चहा सांडला नाही. एकाने एकतिसाव्या पानावर बोट ठेवले आणि सिगारेटच्या पाकिटावर दोन ओळी उतरून घेतल्या. शनिवारी मी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून परत आले.

रविवारी सव्वीस तारीख होती. अण्णाराव मला घेऊन माळावर गेले. बाभळीपासून बेचाळीस पावलांवर तपकिरी पिसे होती आणि गवत दबलेले होते. अंडे नव्हते.

दगडाबाई मेंढरे सोडून आली.

"सुक्रवारी चौगं आलं हुतं. पार सांज व्हायच्या येळंला. सरळ बाबळीकडं गेलं, कुणाला काय इचारलं बी न्हाय. ती बसायला आली आन् बार काडला. अंडं दुसऱ्या दिशी कावळ्यानं न्हेलं."

अण्णाराव खाली वाकून पिसे वेचू लागले.

"म्या आडवलं असतं, अण्णा. कुत्री सोडली असती की. पर ते तुमच्यावानी पावलं मोजत आलं. मला वाटलं, तुमचंच कुणी पावनं."

मेंढरे पुढे गेली होती. दगडाबाई तिथेच उभी होती.

"तुमचं न्हवतं न्हवं?"

"नाही," अण्णाराव म्हणाले. "माझे कुणी नव्हते."

"मंग झालं," ती म्हणाली आणि मेंढरांमागे गेली.

त्यांनी मला पिशवीतून काढले. तारीख लिहिली, वेळ लिहिली. बराच वेळ वाऱ्याकडे पाहून 'वारा पश्चिमेचा' लिहिले. पुढचे तीन रकाने तसेच राहिले.

सोमवारी रावजी कचेरीत आले. "काय वही आहे तुमची, अण्णाराव! पाहुणे फार खूश. म्हणाले, असा पत्ता तर टपालखातंही देत नाही." अण्णारावांनी मान खाली घालून हजेरी पूर्ण केली. त्या दिवशी त्यांनी उशिरा आलेल्या दोघांना वेळेवर लिहिले. हे त्यांनी रात्री दुर्गाबाईंना सांगितले. बाकीचे सांगितले असेल तर ते मला ऐकू आले नाही. मी तेव्हा फळीवर होते.

मी अजून फळीवरच आहे. आता एकोणीसशे तेहेतीस चालू आहे. अण्णाराव रविवारी सायकल काढतात, पण मला नेत नाहीत. दुपारी येतात तेव्हा धोतराला कुसळे असतात. दुर्गाबाई हजेरी विचारत नाहीत. कुसळे काढत बसतात.

गेल्या पावसाळ्यात दगडाबाई लोकर घेऊन शहरात आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, तितंच पुन्यांदा एक मादी बसलीया. त्याच पांढऱ्या दगडापाशी. बगायला चला की."

"येईन," अण्णाराव म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी मला खाली घेतले आणि एकतिसावे पान दोन बोटांत धरले. शिवलेल्या वहीचे एक पान फाडले की त्याचे जोडपानही सुटते. माझ्या त्या जोडपानावर दुर्गाबाईंनी एकदाच स्वतः तलावावर येऊन मोजलेले करकोचे आहेत. सतरा. अण्णारावांनी पान सोडून दिले आणि मला परत ठेवले.

दिवाळीत रावजी फराळाला आले. "अण्णाराव, ती वही कुठं आहे हो? साडू पुन्हा विचारत होते."

अण्णारावांनी फराळाचे ताट त्यांच्यापुढे सरकवले.

"वाळवीनं खाल्ली," दुर्गाबाई आतून म्हणाल्या. "सगळी."

मी रावजींच्या डोक्यावर तीन हातांवर, फळीवर होते.

वाचकहो, माझी तक्रार नाही. माझ्यात एकही नोंद खोटी नाही, आणि अडचण तीच आहे. बाभूळ उभी आहे, पांढरा दगड जागेवर आहे, पाने पिवळी झाली तरी शाई फिकट झालेली नाही. माझे एवढेच मागणे आहे. उद्या मी तुमच्या हाती लागले तर मला वाचू नका. आणि वाळवी खरोखरच लागली तर तिला हाकलू नका. एकतिसाव्या पानापासून सुरुवात करू द्या.