प्रवाशांना सांगायचं नाही

बाबांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, असं सून सगळ्यांना सांगायची. त्यात कौतुक जास्त असायचं, पण तक्रारही असायचीच. बाबा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. एकदा घाटात ब्रेकने दगा दिला, तेव्हा त्यांनी गिअरवर रोखत गाडी कडेला आणली आणि मागे वळून शांतपणे म्हणाले, "उतरा, पाय मोकळे करून घ्या." प्रवासी उतरले, दरीचे फोटो काढत बसले. आपण कशातून वाचलो, याचा कुणाला पत्ताही नव्हता. "प्रवाशांना सांगायचं नाही. हातपाय गाळून बसतात," हे बाबांचं तत्त्व. गाडीवर ते शोभायचं. घरात मात्र त्यांनी सगळ्यांनाच प्रवासी करून टाकलं होतं.

म्हणूनच कमरेला सैल पडू लागलेल्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडताना सुनेने त्यांना रंगेहाथ पकडलं, तेव्हा कुठे "जरा पोट दुखतं" एवढं बाहेर पडलं. डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला.

स्कॅन सेंटरमधल्या तंत्रज्ञ मुलीने मोठी बाटली भरून औषध हातात दिलं. "आतडी नीट दिसावीत म्हणून आहे हे. तासभर घोट घोट घ्या." बाबांनी मान डोलावली, आणि सून पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच बाटली रिकामी! थांब्यावर गाडी सुटायच्या आत चहा नरड्यात ओतायची सवय, ती थोडीच जाते?

मुलीने कपाळावर हात मारला. "आजोबा, आता मळमळेल, जुलाबही होतील. बहुतेकांचं एका दिवसात थांबतं. पाणी पीत राहा. पण अंगावर चट्टे उठले, दम लागला, चक्कर आली किंवा रक्त दिसलं, तर लपवू नका. लगेच फोन करा."

"आम्हाला काही होत नाही," बाबा म्हणाले.

स्कॅन पार पडला. घरी आल्यावर बाबा बाथरूममध्ये शिरले ते तिथलेच झाले. बाहेर यायचे, खुर्चीला पाठ टेकेपर्यंत पुन्हा आत. शेवटी कडी लागली ती निघेचना. आत नळ धो धो वाहत होता.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"हात धुतोय."

"एवढे कसले हात?"

नळ तसाच वाहत राहिला. सुनेने दार ढकलून पाहिलं. आत चक्कर येऊन पडले, तरी हा माणूस फरशीवरून "सगळं ठीक आहे" म्हणेल, हे ती ओळखून होती. दार फोडायला कुणाला बोलवायचं? नवरा अजून कामावरून यायचा होता. ती दाराला टेकून खाली बसली.

"बाबा, पायजमा खराब झालाय का?"

आतला नळ बंद झाला.

"मी बालवाडीत शिकवते, बाबा. माझ्या वर्गात रोज कुणाची ना कुणाची चड्डी बदलावी लागते. वर ते पळतात. तुम्ही निदान एका जागी उभे तरी राहाल."

आतून आधी खोकला आला. मग हसू. एवढ्या भीतीत तिलाही हसू आवरेना. कडी सरकली, दार बोटभर उघडलं, आणि तिने दिलेला धुतलेला पायजमा आत गेला. थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. चेहरा पांढराफटक, मिशा ओल्या, पण पाठ ताठ. तिने दिलेलं पाणी त्यांनी या वेळी घोट घोट घेतलं.

"सूनबाई, जुलाब त्या औषधाचे असतील," ते म्हणाले. "पण रक्त औषधाचं नाही. ते आधीपासून पडतंय. डॉक्टरांना मी बोललोच नाही."

तिला रडू आलं. राग यायला हवा होता, पण आला अभिमान. घाटात गाडी रोखण्यापेक्षा हे एक वाक्य कितीतरी अवघड, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने डॉक्टरांचा नंबर लावला आणि सांगू लागली, तोच बाबांनी हात पुढे केला.

"दे इकडे. माझं मी सांगतो."

तेवढ्यात नवरा दारात येऊन उभा राहिला. सुनेला वाटलं, आता बाबा आवाज खाली आणतील, निदान तोंड तरी वळवतील. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?

बाबांनी मुलाकडे सरळ पाहिलं.

"चार महिने झाले," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "आणि डॉक्टर, मला भीती वाटतेय."