साधे की गरम

अंड्यांच्या पुठ्ठ्याचा तुकडा तिनं गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवला. त्याच्या चार खळग्यांत चार जुने स्पार्क प्लग होते आणि प्रत्येकापुढं पेनानं एक ते चार आकडे घातलेले होते. काढलेले प्लग कधी मिसळायचे नाहीत, हे ती सातव्या वर्षी याच काउंटरवर शिकली होती.

शिकवणाऱ्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"बोला बाई, काय हवंय?"

बापानं 'बाई' म्हणावं, हे तिला झोंबलं. पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? दोन वर्षांपूर्वी दुकान सोडून तिनं नोकरी धरली, तेव्हा "पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस" असं तो म्हणाला होता, आणि "नाहीच चढणार" असं तीही म्हणाली होती. दोघं एकाच मातीचे. इकडचे निरोप तिकडे पोचवून आई मात्र थकून गेली.

"प्लग बदलायचेत. गाडी झटके देतेय."

गाडी त्याचीच होती, लग्नात तिला दिलेली. त्यानं एकेक प्लग उजेडाकडं धरून पाहिला. तिसऱ्याच्या टोकावरून बोट फिरवलं, तर बोट काळं झालं.

"फिरते किती?"

"लांब लांब. रविवारीसुद्धा कामं असतात. म्हणूनच तर इकडं यायला..."



"लांब जाणाऱ्या गाडीचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो," तो म्हणाला. "ही गाडी धड तापलेलीच नाही कधी. दहा मिनिटं चालते आणि मग इंजिन चालू ठेवून उभी राहते. अर्धा अर्धा तास."

"सिग्नलला थांबावं लागतं."

"हो ना. समोरच्या शिंप्याच्या दुकानापाशी केवढा मोठा सिग्नल आहे!"

तिनं नकळत मागं वळून पाहिलं. शिंप्याच्या दुकानापाशी ना सिग्नल होता, ना चौक. दर शनिवारी संध्याकाळी ती तिथं येऊन थांबायची आणि या काउंटरवरचा दिवा विझेपर्यंत बघत बसायची.

"तुम्हाला दिसायचं इथून?"

"मला कुठलं दिसतंय आता? ऐकू यायचं. तिसरा सिलिंडर सहा महिन्यांपासून मिस मारतोय, मधेच ठोका चुकवतोय." त्यानं तिसरा प्लग परत त्याच्या खळग्यात ठेवला. "इंजिन बंद का करायची नाहीस गं?"

"बंद केलं असतं, तर उतरावं लागलं असतं, बाबा."

तो फडक्यानं बोट पुसत राहिला. बोट स्वच्छ झालं, तरी पुसत राहिला. मग त्यानं मागच्या फळीवरून दोन डबे काढून तिच्यापुढं ठेवले.

"हे गरम प्लग. सारखी थांबणारी, अर्ध्यातून परतणारी गाडी असेल, तर हे काजळी जाळून टाकतात. आणि हे साधे, जायचं तिथपर्यंत जाणाऱ्या गाडीला. कुठले देऊ?"

"तुम्हीच सांगा. धंदा तुमचा."

"धंदा माझा, पण गाडी तुझी."

तिनं दोन्ही डब्यांकडं बराच वेळ पाहिलं. मग साध्यांवर बोट ठेवलं.

त्यानं दोन्ही डबे उचलून परत फळीवर ठेवले. ती गोंधळली. तो गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकला आणि काउंटरखालच्या खणातून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढली. कागद पिवळा पडला होता. त्यावर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता: ठिणगी. लहानपणी तिच्या नाकावरच्या रागाला त्यानंच दिलेलं नाव.

पुडीत चार प्लग होते. सगळे साधे, टोकाशी ठिणगी पडायची फट, म्हणजे गॅप, मोजून तयार ठेवलेले.

"कधी काढून ठेवलेत?"

"पहिल्यांदा मिस ऐकू आलं, तेव्हा."

"मग आणून का नाही दिलेत? रस्ता तर ओलांडायचा होता!"

"तुला चढायची बंदी होती," तो पुडी पुन्हा बांधत म्हणाला. "मला उतरायची कुणी केली होती, तेच कळत नाही."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. या हट्टी माणसाची तिला किती आठवण आली होती, हे तिचं तिलाच आज कळत होतं.

त्यानं प्लगपाना खिशात टाकला आणि दिवा मालवला.

"गाडी कुठं आहे?"

"घरी. बॉनेट उघडून ठेवलंय. चालत आले मी."

"चल तर."

पायरीशी येऊन तो थबकला. तिनं खांदा पुढं केला. त्यावर हात ठेवून तो खाली उतरला.

"आधी तिसरा बसवू," तो म्हणाला.