गोठ्यांचा क्रम

“त्या सोमवारी आधी कुणाचा गोठा?” जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

दवाखान्यात बाबा कोणकोणत्या गोठ्यांत गेले ते कागदावर लिहायला पेन माझ्या हातात होतं; माझं अक्षर वर्गात पहिलं, आणि हे मी कुणालाही विसरू देत नाही. बाबा गाईंचे वाढलेले खूर साळतात. या धंद्यात लाथा हीच शाबासकी, असं ते म्हणतात. त्यांना कधीच लाथ न मारणारी गाय एकच, मामाची मास्तरीण. नाव मी ठेवलंय, कारण ती चष्म्यावरून बघावं तशी बघते. बाबांचा आवाज आला की आपणहून पाय उचलून देते.

“डेअरीवाल्याचा,” बाबा म्हणाले. “एक गाय लंगडत होती. लाळ गळत होती. मला वाटलं, खडा रुतलाय. खूर साळला, सुरी फडक्याला पुसली.”

“मग?”

मग मामाचा गोठा. मला ठाऊक होतं. लाळ्या-खुरकतीच्या साथीने मामाची तीन वासरं चार दिवसांत गेली होती. रोग त्यानेच आणला म्हणून मामा चाऱ्याच्या ट्रकवाल्याला शिव्या घालत होता.

डॉक्टरांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. मी हळूच म्हटलं, “बाबा, आधी मामा लिहू? मग डेअरीवाला. कोण बघायला आलंय?”

“तुझ्या मामाने विचारलं होतं, सुरी धुवायला गरम पाणी देऊ का. मी म्हटलं, कशाला, स्वच्छच आहे.” बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. “घडलं तसं लिही.”

पहिल्यांदाच माझं अक्षर वाकडं आलं.

तिथून बाबा थेट मामाच्या फाटकाशी गेले. मी मागोमाग. फाटकाच्या आत, कुणी ओलांडू नये म्हणून चुन्याची रेघ ओढलेली.

“भाऊजी, तिथंच थांबा,” मामा म्हणाला. “त्या ट्रकवाल्याने वाटोळं केलं बघा.”

“ट्रकवाला नाही रे. मी.”

बाबांनी सगळं सांगितलं, गरम पाण्यासकट.

मामाने बाबांच्या बुटांकडे बघितलं. मग जंतू मारायला ठेवलेली सोड्याच्या पाण्याची बादली त्याने पायाने रेघेपर्यंत ढकलली.

“धुवा,” एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

बाबांनी सुरी धुतली, बूट धुतले, कोपरापर्यंत हात धुतले. समोर गोठ्यात बाकीच्या गाई आडव्या पडल्या होत्या. मास्तरीण तेवढी उभी होती. बाबांचा आवाज तिने ऐकला होता.

तिने पाय उचलला. सुजलेला, फुटलेला खूर तसाच अधांतरी धरून ती वाट बघत राहिली. बाबा रेघेच्या अलीकडे, ओले हात घेऊन.