अर्धा डबा

तानुबाईंना देवपूरच्या फ्लॅटमध्ये येऊन चार महिने झाले होते. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वर्षभर पिंपळनेरकडच्या गावी जायला मनाई केलेली, म्हणून मुक्काम मुलाकडे, प्रेमराजकडे. येताना त्यांनी दोन लुगडी आणि राखेत घोळलेल्या बियांची एक पुरचुंडी आणली होती. भरताच्या हिरव्या वांग्याचं घरचं बी, सासूकडून आलेलं. शेत आता बटाईने दिलेलं आणि बटाईदार नर्सरीची रोपं लावायचा. हे वांगं उरलं होतं ते त्या पुरचुंडीत, आणि बीही जुनं झालेलं.

सून हेमलता शाळेत शिकवायची. गॅलरीत तिने बिनमातीची बाग मांडली होती. श्रीखंडाच्या डब्यात पुदिना, लोणच्याच्या बरणीत पालक. झाकणाला भोक, त्यात भोकं पाडलेला पेला, पेल्यात नारळाच्या शेंड्या आणि खाली खत विरघळवलेलं पाणी. ऊन लागून पाणी शेवाळू नये म्हणून बरण्यांना जुन्या साड्यांचे तुकडे गुंडाळलेले.

"पानीवर वांगं? मंग मासा वावरमा पेरा," तानुबाई म्हणाल्या. पण तिसऱ्या मजल्यावर शेत कुठून आणायचं? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्यांनी पुरचुंडी सुनेच्या हाती दिली.

सगळं बी भिजत घातलं आणि त्यातलं एकच उगवलं. हेमलताने ते तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यावर बसवलं. रोप वाढलं, कळ्या धरल्या. डब्यातलं पाणी निम्म्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, "आई, एवढंच राहू द्यायचं. वरच्या मुळांना हवा लागते." तानुबाईंनी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

मग नळाचा दिवस आला. इथे नळ आठव्या दिवशी यायचा, आणि त्या दिवशी घरात रिकामं भांडं दिसणं म्हणजे पाप. हेमलता शाळेत, प्रेमराज दुकानात. तानुबाईंनी पिंप भरलं, हंडे भरले, कुकरसुद्धा भरला. नव्या गुडघ्यांनी तासभर राबल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेली बाई ती. गॅलरीतला अर्धा डबा तिला कसा बघवणार? तोही काठोकाठ भरला.

तिसऱ्या दिवशी वांगं मलूल झालं. पाचव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली.

हेमलता डब्यापाशी बसून राहिली. "खत जास्त झालं असेल. माझंच चुकलं, आई. एवढं एक रोप, तेही मला सांभाळता आलं नाही." तिचे डोळे भरून आले. तिने झाकण उचललं. मुळं तपकिरी पडली होती, पाणी काठाशी होतं. ती ते पाणी बघतच राहिली.

तानुबाईंना सगळं उमगलं. गप्प राहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. या सुनेने तर मुळीच नाही. चाळीस वर्षं कुणापुढे चूक कबूल करायची वेळ आली नव्हती, आणि आता सुनेपुढे. लाज वाटली, फार वाटली.

"खत-बित काही नही वं," त्या म्हणाल्या. "नळना दिन मीच भरा तो डबा."

 हेमलताने झाकणासकट रोप उचलून धरलं, आणि तानुबाईंनी तांब्या तांब्याने पाणी उपसून अर्ध्यावर आणलं. कुजलेली मुळं हेमलताने कात्रीने काढली. आठवडाभर दोघी उठल्या की आधी गॅलरीत जायच्या. नवव्या दिवशी शेंड्याला कोवळं पान फुटलं.

पुढे दोनच वांगी धरली. प्रेमराज भरताची वाट बघत होता, पण तानुबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. दोन्ही झाडावरच पिकून पिवळी झाली. त्यांनी बी काढलं, धुऊन सुकवलं, राखेत घोळलं आणि लुगड्याच्या चिंधीत बांधलं. ती पुरचुंडी त्यांनी हेमलताच्या हातावर ठेवली.

"मन्ही सासूनी मरता मरता दिन्ही व्हती," त्या म्हणाल्या. "मी धडधाकट शे तवयच तुले देई ऱ्हायनू. जपशी तू."

दुसऱ्या दिवशी नळ आला. तानुबाईंनी सगळं घर भरलं, फक्त तो डबा अर्धाच ठेवला.